फोडणीच्या वासाचं गणित

माझ्याकडे गणितं सोडवायला येणाऱ्या मुलांना पहिली पाच मिनिटं पेनाचं टोपण काढायची परवानगी नसते. गणित वाचायचं, पुन्हा वाचायचं, आणि पेन्सिलीनं कागदाच्या उजव्या कोपऱ्यात उत्तर लिहायचं. सोडवायच्या आधी उत्तर. आकडा सुचला नाही तर शब्दांत लिहा, पण लिहा: केसाएवढं, खोलीएवढं, क्षणभर, वर्षभर. नवीन मुलं आधी हसतात, मग गोंधळतात. एक जण म्हणाला होता, मॅडम, उत्तर येत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? त्याचं काही चुकलं नव्हतं.

पण बी.एस्सी.च्या फिजिक्सची मुलं मी तीसेक वर्षं बघितली आहेत. आधी बडोद्याच्या एका कॉलेजात, आणि निवृत्त झाल्यापासून मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाभोवती, दर रविवारी सकाळी. या मुलांना थिअरी पाठ असते. पानंच्या पानं धडाधड लिहितील. गणित घातलं की माणूस उघडा पडतो. एक शून्य इकडचं तिकडे होतं आणि इलेक्ट्रॉनचं वजन म्हशीएवढं येतं. त्या म्हशीखाली दोन रेघा मारून मुलगा पुढच्या गणिताकडे वळतो. त्याला काहीच खटकत नाही, याचं मला वाईट वाटायचं. म्हणून हा कोपरा. शितावरून भाताची परीक्षा करायची सवय लागावी, एवढाच हेतू. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

क्वांटमची पहिली गणितं डब्याची असतात. एक डबा, त्याच्या भिंती पक्क्या, आत एक इलेक्ट्रॉन. बाहेर पडायची सोय नाही. तो डब्यात अमुक जागी सापडण्याची शक्यता किती, ते काढायचं. वासण्याहून येणाऱ्या मितेशनं एकदा ही शक्यता एक पूर्णांक सात दशांश काढली. मी त्याला रागावले नाही. विचारलं, शंभर वेळा डबा उघडून बघितला तर इलेक्ट्रॉन या जागी किती वेळा सापडेल? "एकशे सत्तर," तो ठामपणे म्हणाला, आणि मग हळूहळू त्याचे कान लाल झाले. पुढे वर्षभर पोरं त्याला एकशे सत्तर म्हणूनच हाक मारत होती.

याच मितेशचे वडील एकदा मला भेटायला आले. त्यांचं बेअरिंगचं दुकान आहे. गृहस्थ अत्यंत नम्र, पण काम एकच: "बेन, आयएमपी आपी दो ने." म्हणजे आयएमपी, परीक्षेला हमखास येणारे प्रश्न, तेवढे देऊन टाका. आमच्याकडे गुजरातेत दुकानदारापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांचा या तीन अक्षरांवर गाढ विश्वास आहे. पी हळद अन् हो गोरी. मी त्यांना चहा दिला आणि आयएमपीच्या ऐवजी गोटीचं गणित सांगितलं.

हे गणित माझं लाडकं आहे, तेव्हा तुम्हालाही सांगते. डब्यात कोंडलेली कुठलीही वस्तू पूर्ण स्वस्थ बसूच शकत नाही, असा क्वांटमचा नियम आहे. डबा जितका लहान आणि वस्तू जितकी हलकी, तितकी तिची चुळबूळ जास्त. मग मुलं विचारतात, डब्यात ठेवलेली काचेची गोटी का चुळबुळत नाही? मी म्हणते, काढा. आकडेमोड केली की कळतं, गोटीही हलते, पण इतकी सावकाश की विश्व जन्मल्यापासून ती चालत राहिली असती तरी आजवर एका अणूच्या रुंदीएवढंसुद्धा अंतर कापलं नसतं. हे उत्तर आलं की टेबलाभोवती दोन क्षण कोणी बोलत नाही. त्या दोन क्षणांसाठीच मी इतकी वर्षं हे काम केलं असं म्हटलं तरी चालेल.

मितेशच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा संपवला. मग विचारलं, "एटले हाले छे तो खरी ने?" म्हणजे हलते तर खरी ना? मी म्हटलं, हलते. त्यांचं समाधान झालं. आयएमपीची गोष्ट पुन्हा त्यांनी काढली नाही, आणि मितेश पहिल्याच झटक्यात पास झाला.

आता जे सांगायचं आहे त्यात माझी फुशारकी नाही.

वायूंच्या गतीची गणितं सुरू झाली की मी दरवर्षी एक प्रसंग सांगायची. रविवारी आमच्याकडे स्वयंपाक ह्यांच्याकडे असतो. हे रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि आमटी माझ्यापेक्षा चांगली करतात. अकराच्या सुमाराला आतून फोडणीचा चर्र आवाज येतो आणि थोड्या वेळानं मोहरी-हिंगाचा वास टेबलापाशी. मी खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, बघा, हवेतला रेणू सेकंदाला अर्धा किलोमीटर धावतो. ओट्यापासून इथवर चारच मीटर. म्हणजे वास डोळ्याची पापणी लवायच्या आत यायला हवा. मग अर्धा मिनिट का लागला? कारण रेणू वाटेत हवेच्या दुसऱ्या रेणूंवर आपटत, धडपडत येतो. मुलं माना डोलवायची. प्रसंग रंगायचा. कॉलेजातही मी हाच सांगायची, फक्त तिथे फोडणीऐवजी उदबत्ती असायची.

हेतल जगताप त्या वर्षी शेवटच्या वर्षाला होती. आडनाव मराठी जगताप आणि नाव गुजराती हेतल, याचं बडोद्याकडे कोणाला नवल वाटत नाही. वडील रेल्वेत, राहायला डभोईला. तिथून ती एकटी बस पकडून यायची, दहाच्या बॅचला पावणेदहाला हजर. बोलायची कमी. तिच्या मराठीत खिडकीला बारी आणि मोजण्याला गणणं असायचं, आणि इतर पोरं गुजरातीत गप्पा मारत असली तरी माझ्याशी ती मराठीतच बोलायची. तिला एम.एस्सी.ला जायचं होतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं, तिच्या मैत्रिणीनं, ध्रुवीनं सांगितलं होतं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म त्याच महिन्यात भरायचा होता. घरातून विरोध नव्हता, पण त्या घरात इतकं शिकलेलं कोणी नव्हतं. आपल्याला हे झेपेल का, हे विचारायला तिला माणूसही नव्हतं. म्हणजे एक होतं. मी होते.

त्या रविवारी फोडणीचा वास आला, मी माझा प्रसंग सांगितला, आणि त्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, चला, याचंच गणित करा. ओटा ते टेबल वास यायला किती वेळ? कोपऱ्यात सगळ्यांनी अर्धा मिनिट लिहिलं. लिहायचंच होतं, वास नुकताच नाकात शिरला होता. मग वीस मिनिटं सगळे खाली मान घालून आकडे मांडत बसले. मी सुटे कागद गोळा केले. बहुतेकांनी मधे कुठेतरी काहीतरी जुळवून अर्धा मिनिट आणलं होतं. हेतलचं उत्तर होतं जवळजवळ पावणेचार दिवस.

मी ते मोठ्यानं वाचलं. पोरं हसली. मग मी लाल पेनानं त्या उत्तरावर फुली मारली, वर लिहिलं "आमटी नासेल, पुन्हा कर," आणि तेही वाचून दाखवलं. आणखी हसू झालं. मला वाटलं, कोपऱ्याचं महत्त्व यापेक्षा चांगलं कसं पटवणार?

हेतल उभी राहिली. "मॅडम, मी तीन वेळा गणलं."

"मग चौथ्यांदा गण," मी म्हणाले.

ती बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजची परीक्षा जवळ आली असेल, डभोईची बस चुकली असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. तिसऱ्या रविवारी ध्रुवीला विचारलं तेव्हा ती जरा आढेवेढे घेत म्हणाली की हेतल फॉर्म भरत नाहीये. डभोईतच एका शाळेत पाचवी-सहावीला शिकवायला जाणार आहे. फिजिक्स आपलं काम नाही म्हणते. फॉर्मची शेवटची तारीख सोमवारी, आठ दिवसांवर होती.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, चूक माझी आहे असं तेव्हाही मनात आलं नाही. एवढंच वाटलं की पोरीची चूक नेमकी कुठे झाली ते शोधून तिला प्रेमानं समजावून सांगावं, म्हणजे धीर येईल. सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिचा कागद काढला आणि पेन्सिल घेऊन बसले.

तिनं केलं होतं ते असं. हवेतला रेणू एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत जेमतेम मिलिमीटरचा दहा हजारावा भाग सरळ जातो. ते त्याचं एक पाऊल. टक्कर झाली की दिशा बदलते, कुठलीही. अशी दिशाहीन शंभर पावलं टाकली तर माणूस सरासरी दहाच पावलं लांब पोचतो, दहा हजार टाकली तर शंभर. चार मीटर म्हणजे चार कोटी पावलं. तेवढं लांब जायचं तर चार कोटींच्या वर्गाएवढी पावलं टाकायला हवीत. रेणू सेकंदाला पाच अब्ज पावलं टाकतो. भागाकार करा.

मी भागाकार केला. एककं तपासली. शून्यं बोटानं मोजली. रेणूचा वेग पुस्तकातून काढून बघितला, पावलाची लांबी दुसऱ्या पुस्तकातून. पावणेचार दिवस. पुन्हा केलं. पावणेचार दिवस.

मग खाली लक्ष गेलं. उत्तरानंतर तिनं बारीक अक्षरात एक ओळ लिहिली होती आणि माझी लाल फुली बरोबर तिच्यावरून गेली होती. वास रेणूंच्या स्वतःच्या चालीनं येत नाही, त्याला दुसरं काहीतरी आणत असलं पाहिजे, अशी ती ओळ होती. ती मी त्या दिवशी वाचलीच नव्हती.

हे तेव्हा पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, तुमच्या कारखान्यात कुठे गॅस गळला तर तुम्ही आधी काय बघायचात? ह्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, वारा. प्लँटच्या उंच टोकाला वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी कशाला लावतात? ती ज्या बाजूला फुगेल त्याच्या उलट पळायचं. मग पेपर खाली करून म्हणाले, "रेणूंचा वेग काय, असं मला तिथे कोणी कधी विचारलं नाही."

घरात पंखा फिरत होता. ओट्यावरची गरम हवा वर चढते, बारीतून वारा येतो, माणसं येतात जातात. हवाच वास उचलून टेबलापाशी आणते. तीस वर्षं मी हा प्रसंग सांगितला आणि तीस वर्षांत एकदाही तो सोडवला नव्हता. मुलांना पाच मिनिटं पेन उघडू न देणाऱ्या बाईनं स्वतः पेन कधी उघडलंच नव्हतं. अंदाज बरोबर आहे एवढ्यावर मी एका बरोबर गणितावर फुली मारली होती. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर कुठेतरी चूक असते हे खरं, पण ती उत्तरात, अंदाजात की मुळात धरून चाललेल्या कारणात, ते बघावं लागतं. ही साधी गोष्ट मी माझ्याच शास्त्रात सोडून दिली होती. मला त्या दुपारी फार लाज वाटली. अजूनही वाटते.

हेतलला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला, त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. बुधवारपर्यंत वाट बघितली आणि गुरुवारी डभोईची बस धरली.

रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये घर सापडायला वेळ लागला नाही. वडील ड्यूटीवर होते. आईनं दार उघडलं. मूळची धुळ्याकडची बाई, या ताई, बसा म्हणाली, आणि मी कोण ते कळल्यावर एकदम गडबडून पदर सावरत चहा ठेवायला आत गेली. हेतल समोर येऊन बसली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पर्समधून तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "तुझं उत्तर बरोबर आहे. चुकले मी."

तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

येताना बसमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं: तिला धक्का बसेल, ती आनंदेल, कदाचित रडेल, मग मी पाठीवर हात ठेवीन. हे उत्तर माझ्या तयारीत नव्हतं. माहीत होतं तर बोलली का नाहीस, असं मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं की ती बोलली होती.

"घरी येऊन चौथ्यांदा पण गणलं, मॅडम. तेच आलं." ती खाली बघत होती. "मग वाटलं, बरोबर येऊन पण हसणारच असतील, तर पुढे शिकून काय करू?"

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत मुलांना चुकलेलं उत्तर कसं सोसायचं ते मी शिकवलं होतं. बरोबर असूनही एकटं पडल्यावर काय करायचं, ते माझ्या शिकवण्यात कुठे नव्हतं. मी तिला तेवढंच सांगितलं. म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी टेबलापाशी बसलेल्यांत फिजिक्स केलं ते तू एकटीनं. आकड्यांमागे जिथवर जायला हवं होतं तिथवर गेलीस, समोर बाई उभी असतानाही मागे फिरली नाहीस, आणि शेवटी उत्तराचा अर्थही लिहिलास. हे ज्याला येतं त्यानंच पुढे जायचं असतं. फॉर्म भर.

आई चहा घेऊन आली होती आणि ट्रे हातात धरून उभीच राहिली होती. तिला गणित कळलं नसेल, पण कुठली गोष्ट चालली आहे ते कळलं होतं. ती मुलीला म्हणाली, "ताई एवढ्या लांबून आल्यात."

मी म्हटलं, हेतल, रविवारी ये. तूच सगळ्यांना हे समजावून सांग. मला वाटत होतं मी तिला मोठा मान देते आहे. तिनं चहाचा कप हातात घेतला, एक घोट घेतला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "फुली तुम्ही मारली. तुम्ही सांगायचं."

मी हो म्हटलं. हो म्हणताना बरं वाटलं असं नाही. परतीच्या बसमध्ये त्या आठ पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर येत होते. शनिवारी दुपारी हेतलनं भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवला. सोबत एक शब्दही नव्हता.

रविवारी ती पावणेदहाला आली आणि टेबलाच्या शेवटच्या खुर्चीवर बसली. मी सगळ्यांना सांगितलं की फोडणीच्या वासाची जी गोष्ट मी तुम्हाला, तुमच्या आधीच्यांना आणि त्यांच्याही आधीच्यांना सांगत आले, ती चूक होती. मी ती कधी सोडवून बघितली नव्हती. हेतलनं सोडवली, आणि तिचं उत्तर बरोबर असताना मी ते चूक ठरवून तुम्हाला हसवलं. ध्रुवी पेन चावत होती. आतून हेही ऐकत असणार, कारण स्वयंपाकघरातला आवाजही थांबला होता.

मग मी टेबलामागच्या फळ्याकडे वळले आणि गणित मांडायला लागले. रेणूचं पाऊल. चार मीटरची चार कोटी पावलं. त्याचा वर्ग. जरा भरभरच लिहीत होते. चौथी ओळ सुरू केली आणि मागून आवाज आला.

"मॅडम, एक मिनिट. तिसऱ्या ओळीत चूक आहे."

हेतल उभी होती. आठही जणांच्या माना तिच्याकडे वळल्या. बस खाली, आधी पूर्ण होऊ दे, हे वाक्य सवयीनं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. चार कोटींचा वर्ग करताना मी एक शून्य जास्त दिलं होतं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले, आणि डस्टर उचललं.